देवदत्त सरांची कॉलर मी का धरली

चहा आधी संपवून घ्या. मजाक नाही करत आहे. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि तो सगळा माझ्याच शर्टावर!

तर भिया, मी एका भल्या माणसाची भर मेळ्यात कॉलर धरली होती. का? तर तो माझ्या बायकोला पळवतोय म्हणून. आणि तो बिचारा तिथे आला कशासाठी होता? थांबा, थांबा. शुरूपासून सांगतो, नाहीतर सगळी मजा जाईल.

माझं नाव चैतन्य. आत्ताच हसू नका, हसायची जागा पुढे येते.

आमचं घराणं होळकरांच्या फौजेतलं. पणजोबांचे पणजोबा म्हणे दोन्ही हातांनी तलवार चालवायचे. त्यांचा हा वंशज शहराबाहेर राऊला नव्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो आणि लॅपटॉप चालवतो. लग्न नवंच म्हणावं असं. वय तिशीच्या आत. आणि अशा भर जवानीत माझी तलवार म्यानातच बसून राहायला लागली. समजलं ना? का अजून सोपं करून सांगू?

पहिल्यांदा झालं तेव्हा मी म्हटलं, थकवा. पुढच्या वेळी म्हटलं, जेवणातले दालबाफले जड झाले. मग गादी बदलली. मग पलंगाची दिशा बदलली. शेवटी मी माझीच दिशा बदलली. भिंतीकडे तोंड करून घोरायला लागलो. झोप नाही बरं का, नुसतं घोरणं! बायको दिवा मालवायला उठली की माझं घोरणं सुरू. नाटकात काम केलं असतं तर बक्षीस मिळालं असतं.

डॉक्टर? छे! हा त्रास म्हाताऱ्यांचा असतो, मी तर जवान आहे, म्हणजे मला हा त्रासच नाही. कसं वाटलं लॉजिक?

आमचा एक दोस्त आहे, बंटी. त्याला मी विचारलं, पण अर्थात स्वतःचं नाव न घेता. म्हटलं, "अबे, माझ्या ऑफिसमधल्या एका दोस्ताला जरा प्रॉब्लेम आहे."

बंटी म्हणाला, "हौ, हौ, दोस्ताला!" आणि दुसऱ्या दिवशी कुठूनशी मागवलेली एक पुडी हातात ठेवली. "दोस्त को बोल, दूध के साथ ले. घोडा हो जाएगा, घोडा!"

घेतली. तोंड लालबुंद, डोकं ठणाणा, छातीत ढोल वाजायला लागले. घोड्यासारखा फक्त फुरफुरत होतो. बाकी सगळं जिथल्या तिथे.

आता माझी बायको, ऋचा. साताऱ्याची. राऊलाच एका कॉलेजात शिकवते. इतके महिने हा प्रकार चालला होता, पण ती एक शब्द बोलली नाही. आणि तिथेच माझं डोकं फिरलं. अरे, तक्रार का नाही करत ही? जो बाहेरून जेवून येतो तोच घरच्या ताटाला नावं ठेवत नाही, हो की नाही?

आणि मग मला ऐकू यायला लागले देवदत्त सर.

हे सर तिच्याच कॉलेजात. दोनेक वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले, उंच, सपाट पोट, सकाळी धावतात, संध्याकाळी बॅडमिंटन. आमच्या घरात त्यांचा जप चालायचा. "देवदत्त सरांनी साखर सोडली." "देवदत्त सर म्हणतात, माणसानं मोकळं बोलावं." "देवदत्त सर किती बदलले रे वर्षभरात!" मी पोळी तोडायचो ती अशी, की जणू देवदत्त सरांचा कान तोडतोय. त्यांना मी कधी भेटलोही नव्हतो, पण त्यांचा कॉलेजच्या ग्रुपमधला फोटो मोठा करकरून पोट बघितलं होतं. खरंच सपाट होतं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

आणि मग तो फोन. ऋचा गॅलरीत होती, मी पडद्याच्या मागे. आता पडद्याच्या मागे का होतो ते विचारू नका. ती हळू आवाजात म्हणत होती, "नाही सर, त्याला आधी काहीच कळता कामा नये. एकदम सहज वाटलं पाहिजे. तुम्हीच बोला, मला नाही जमणार. मला रडायलाच येतं." मग थोडं थांबून, "खरंच सर, तुमच्यामुळे आशा वाटतेय."

आशा! बोला आता!

आत येऊन बाईसाहेब म्हणतात, "रविवारी लालबागला मेळ्यात जाऊ या? देवदत्त सर आणि मधुराताई येणार आहेत." मधुराताई म्हणजे सरांची बायको. "आम्ही दोघी बांगड्या बघू. तुम्ही दोघं निवांत बोलत बसा."

मला सगळं क्लिअर झालं. हे लोक माझ्याकडे घटस्फोट मागणार. तोही मेळ्यात, म्हणजे मी तमाशा करणार नाही.

रविवारी मी इस्त्रीचा कुर्ता घातला. म्हटलं, बायको जाणारच असेल तर निदान माझा चेहरा पडलेला नको, आन-बान-शान से निरोप देऊ.

लालबागच्या, म्हणजे होळकरांच्या राजवाड्याच्या, मैदानात ही गर्दी! पाळणे फिरतायत, भोंगे वाजतायत. ठरल्याप्रमाणे दोघी बांगड्यांकडे सटकल्या. जाताना ऋचानं सरांकडे असं बघितलं, की माझ्या काळजात चर्र झालं. आम्ही दोघं भुट्टे के कीसच्या, म्हणजे मक्याच्या किसाच्या, ठेल्यासमोर प्लेटा घेऊन उभे. जवळून तर तो माणूस आणखीनच सुंदर दिसत होता. राग येणार नाही तर काय!

सर घसा खाकरून म्हणाले, "चैतन्यजी, कसं बोलावं कळत नाही. विषय जरा नाजूक आहे."

मी म्हटलं, "मला सगळं माहीत आहे."

"सगळं?" त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अहो, मग तर बरंच झालं! मी किती टेन्शनमध्ये होतो."

बेशरमपणा बघा!

"कधीपासून चाललंय?" मी दात खात विचारलं.

"गेल्या पावसाळ्यापासून. आधी दर आठवड्याला जात होतो. आता महिन्यातून एकदा पुरतं."

"पुरतं?"

"हो. तुकोगंजला. जागा चांगली आहे, मागच्या बाजूनं जिना आहे, कुणाला दिसत नाही."

"वा! आणि लाज नाही वाटली?"

"वाटली ना! पहिल्या दिवशी कपडे काढायला सांगितले तेव्हा तर मी पळूनच जाणार होतो. पण इतकं समजुतीनं घेतलं, की भीतीच गेली."

मी चमचा प्लेटमध्ये आपटला. "मधुरावहिनींना माहीत आहे हे?"

"म्हणजे काय? तीच घेऊन जाते मला! ती बाहेर बाकावर बसते."

"बाकावर बसते?"

"आधी आत यायची. आता म्हणते, तुमचं तुम्ही बघा."

मी म्हटलं, हे पुण्याचे लोक फार पुढे गेलेत! आणि एवढ्यात सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमानं म्हणाले, "ऋचा मॅडमची फार इच्छा आहे की तुम्हीही यावं. पहिल्या वेळी हवं तर मी येतो सोबत. तिघं मिळून जाऊ!"

तिघं मिळून!

भिया, पणजोबांच्या पणजोबांचं रक्त उसळलं. मी कॉलर धरली. प्लेट उलटली, गरमागरम कीस सरांच्या पांढऱ्या शर्टावर. मी ओरडलो, "माझ्या बायकोबरोबर तुकोगंजला जातोस आणि मलाच बोलावतोस?"

"मॅडमबरोबर?" सरांचे डोळे बाहेर आले. "अहो, मी डॉक्टरांबद्दल बोलतोय!"

"कसले डॉक्टर?"

सर इकडेतिकडे बघत काहीतरी पुटपुटले. पाळण्याच्या घरघरीत मला ओ की ठो कळेना. मी आणखी जोरात, "काय? जोरात बोल, जोरात!"

आणि मग त्या सज्जन, सपाट पोटाच्या माणसाचाही संयम सुटला. "अहो, तुम्हाला जो त्रास आहे ना बेडरूममध्ये, तो मलाही होता! त्याचे डॉक्टर!"

ठेल्याभोवतीच्या सगळ्यांचे चमचे जिथल्या तिथे. ठेलेवाल्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फार मायेनं विचारलं, "भिया, आपको एक प्लेट और लगा दूँ?"

मी कॉलर सोडली. आणि सरांच्या शर्टावरचा कीस झटकायला लागलो.

मैदानाच्या कडेला एका झाडाखाली सरांनी सगळं सांगितलं. त्यांचंही तसंच झालं होतं. त्यांनीही महिनोन्महिने टाळलं. मधुरावहिनी जबरदस्तीनं घेऊन गेल्या, तेव्हा तपासण्यांमध्ये निघाली शुगर. पस्तिशीही आली नव्हती त्यांची! ते धावणं, ते बॅडमिंटन, ते सपाट पोट सगळं त्यानंतरचं. "त्या त्रासानं मला वाचवलं म्हणा ना," सर म्हणाले. "नाहीतर मला शुगरचा पत्ताच लागला नसता." आणि वर म्हणाले, "शर्टाचं सोडा हो, धुतलं की जाईल."

असल्या माणसावर मी जळत होतो!

तेवढ्यात ऋचा धावत आली. कुणीतरी सांगितलं असणार की तिकडे दोन मराठी माणसं हाणामारी करतायत. तिनं सरांचा शर्ट बघितला, माझं तोंड बघितलं, आणि समजायचं ते समजली. परतीच्या वाटेवर गाडीत ती रडायला लागली. "मी कोणाशी बोलणार होते? तू भिंतीकडे तोंड करून झोपायचास. मला वाटलं, तुझं ऑफिसात कुणीतरी आहे. नाहीतर मी तुला आवडेनाशी झाले. शेवटी मधुराताईंपाशी रडले, तेव्हा त्यांनी त्यांचं सांगितलं."

घ्या! मी इकडे तिच्या नावानं जळतोय, ती तिकडे माझ्या नावानं. ज्या पोरीवर मी पडद्यामागून नजर ठेवत होतो, ती तेवढे महिने स्वतःलाच आरशात बघून घाबरत होती. त्या वेळी मला खरंच खूप वाईट वाटलं. राऊ येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. गिअरसुद्धा दोघांनी मिळून टाकले.

मग ऋचाला घेऊन गेलो तुकोगंजला. मागच्याच जिन्यानं. बाकावर सगळी माझ्याच वयाची पोरं, सगळ्यांच्या माना खाली, जणू सगळ्यांचं एकच नाणं पडलंय आणि सगळे मिळून ते शोधतायत.

डॉक्टर पिकल्या केसांचे, एकदम शांत. बीपी बघितलं, शुगर, रक्त तपासायला सांगितलं. बंटीच्या पुडीचं ऐकलं तेव्हा मात्र चांगलेच तापले. "त्यात काय घातलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. छातीत धडधडलं आणि तरी आला नाहीत?" मग समजावून म्हणाले, "एखाद-दुसऱ्या वेळी कुणाचंही होतं. दमलेला असतो माणूस, घाबरलेला असतो. ते विसरून जायचं. पण आठवड्यांमागून आठवडे तेच होत राहिलं, तर यायचं. वय कमी आहे म्हणून टाळायचं नाही. वय कमी आहे म्हणूनच यायचं! कधी शुगर असते, कधी बीपी, कधी हृदयाच्या आजाराची पहिली घंटा असते, कधी नुसतं डोकं असतं. काय आहे ते तपासल्याशिवाय कळणार कसं?"

मग विचारलं, "सकाळी उठताना कसं असतं?"

"सकाळी ठीक असतं," मी म्हटलं.

"म्हणजे बहुतेक गाडी ठीक आहे, ड्रायव्हर घाबरलाय. बरं, मला अगदी खरं सांगा. पत्नीजवळ जाता, नेमकं त्या वेळी तुमच्या डोक्यात काय चालू असतं?"

आता मी ठरवून आलो होतो की डॉक्टरांशी खोटं बोलायचं नाही. मी म्हटलं, "देवदत्त सर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. पुसला. परत लावला. मग अतिशय हळुवारपणे म्हणाले, "कधीपासून?"

"तीन-चार महिने झाले असतील. त्यांचं पोट डोळ्यांसमोर येतं."

"हं." डॉक्टर पुढे झुकले. "हे बघा, इथे लाजायचं काही कारण नाही. माणसाचं मन कुणाकडे ओढलं जाईल, यात त्याचा दोष नसतो. तुम्ही मोकळेपणानं बोला. पत्नीला बाहेर बसायला सांगू का?"

ऋचा खुर्चीवरून घसरायचीच बाकी होती. तोंडात ओढणी कोंबून हसत होती, डोळ्यांतून पाणी. मी "नाही डॉक्टर, तसं नाही, मी त्यांच्यावर जळत होतो!" म्हणत होतो, आणि डॉक्टर "हो, हो, सुरुवातीला तसंच वाटतं," म्हणून मान डोलावत होते.

तिनंच शेवटी सगळा खुलासा केला. बीपी जरा वरच निघालं, दिवसाला पाकीटभर चालायची ती सिगरेट सुटली, झोप आली, आम्ही दोघं बोलायला लागलो, आणि हळूहळू गाडी रुळावर आली. एकदम नाही, पण आली.

पण त्या पहिल्या दिवशी जिना उतरताना ऋचा काय म्हणाली माहितेय? म्हणाली, "इतके महिने त्या देवदत्त सरांचा जेवढा विचार केलास ना, त्याच्या निम्मा जरी माझा केला असतास, तरी मला वाटलं असतं की माझंही लग्न झालंय!"