दादाचा उजवा पाय

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. इथं बाकीच्यांनी लिहिलेले अनुभव मी वाचते, पण निम्म्या वेळा मनात येतं... अहो, जरा जवळ जाऊन बघितलं असतं तर कळलं असतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ई. मेकॅनिकल, फर्स्ट क्लास. हे मी मिरवते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कुणाला ताप आला की आई अजून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकते आणि मी तिच्या पुढ्यात थर्मामीटर धरते. तर, अशा बाईनं लिहिलंय हे समजून वाचा.

यात भूत नाही. अमावस्या नाही. फेब्रुवारीतली दुपार होती, चारचा सुमार, लख्ख ऊन.

कराडहून पाटणकडे जाताना कोयनेच्या काठाला आमचं गाव. नाव देत नाही, लोक येऊन दादाला त्रास देतील. घर थोडं उंचावर आहे. मागं गोठा होता; म्हशी गेल्यावर दादानं पत्रे बदलून त्याचं वर्कशॉप केलं. तिथून खाली साठेक फुटांचा मुरमाचा उतार, आणि उताराच्या तळाला आमचाच छातीएवढा दगडी बांध.

दादा माझा थोरला भाऊ. दहावी नापास, पण इंजिनाला कान लावून बिघाड सांगायचा. पिकअपवर ड्रायव्हर होता. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सांगली-मिरजेला पोचवायचा. चार वर्षांपूर्वी घाटात एक दुचाकीवाला वळणावर एकदम समोर आला. दादानं ब्रेकवर उभं राहून गाडी वळवली आणि ती कठड्यावरून खाली गेली. दुचाकीवाल्याला खरचटलं नाही. दादाचा मणका गेला. कमरेखाली हालचाल नाही, सुई टोचलेली कळत नाही. ठरलेलं लग्न मोडलं. दोन वर्षं तो भिंतीकडे तोंड करून होता.

मग एके दिवशी मी कुपवाडच्या कारखान्यातून कामावरून घरी आले तर म्हणाला, "इंजिनेर, नुसत्या हातानं चालवायची गाडी हुती का गं करून?"

मी म्हटलं, "होते की. मी करते."

"तू करतीस का मी सांगतो तशी करतीस?"

"तू सांग. चुकलास तर मी ओरडीन."

किती दिवसांनी हसला तो.

एक जुनी जीप मिळाली. मागचा भाग कापून टाकला, चासी म्हणजे खालचा सांगाडा लांबवला, माल ठेवायला हौदा केला. वेल्डिंग मी करायचे. दादा व्हीलचेअरवर बसून सांगायचा, "आगं जाळतीस कशाला पत्रा, हात हलका ठेव." शेजारचे हणमंत आण्णा मदतीला. ते मिलिटरीत अठरा वर्षं गाड्या चालवून रिटायर झालेले. उचलणं-धरणं त्यांच्याकडं, आणि चेष्टाही. गल्लीतून जाणारी माणसं थांबून बघायची. "पोरगी गाडी करतीया म्हनं, रस्त्यावर इंजान सांडल." मी त्यांना ऐकू जाईल असा ग्राइंडर चालवायचे.

रोज संध्याकाळी काम झालं की दादा हौद्यावर हात ठेवून सांगायचा, पहिली खेप कुठली, दुसरी कुठली. त्याला परत मिळवायचं होतं ते एवढंच. पाय नव्हे. पायांचा विषय त्यानं सोडून दिला होता.

सगळ्यात अवघड काम ब्रेकचं. पेडल मूळचंच ठेवलं. स्टिअरिंगशेजारी एक लिव्हर बसवली. ती हातानं मागं ओढली की केबल ताणली जाणार आणि पेडल खाली जाणार. दादा म्हणाला, "केबल नगं. सळई टाक. सळई निसटत न्हाई." मी त्याला वही उघडून आकडे दाखवले. किती भार येतो, केबल त्याच्या किती पट घेते. तो वहीकडे बघत राहिला. म्हणाला, "तुजं शिक्षान हाय. टाक बाई केबल."

त्या दुपारी नुसत्या ब्रेकची चाचणी होती. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. हँडब्रेक अजून जोडलेला नव्हता. आण्णा टायरखालचा दगड काढणार, गाडी उतारावरून गडगडणार, मी चुन्यानं आखलेल्या रेघेवर दादा लिव्हर ओढणार. आण्णांनी आणि मी मिळून त्याला सीटवर बसवला. त्याचे दोन्ही पाय पेडलांपासून लांब, डाव्या बाजूला लाकडी पाटावर ठेवले आणि वरून सीटबेल्टच्या पट्ट्यानं आवळून बकल लावलं. मी स्वतः लावलं. कारण असं की, अशा पेशंटचे पाय मधूनच आपोआप झटका मारतात. स्पाझम म्हणतात त्याला. पाय पेडलांत अडकायला नको म्हणून पट्टा. पाय सुजायचे म्हणून तो अनवाणीच होता.

आण्णा म्हणाले, "आन् तुजा ब्रेक लागलाच न्हाई तर गं इंजिनेरबाई?"

उतारावर बघायला सात-आठ जण जमले होते. मी मोजायचा टेप घेतला, चुन्याच्या रेघेच्या पुढं, बांधाला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, "नाही लागला तर मी आहेच मध्ये."

दादा वरून ओरडला, "बाजूला हो, येडी हायेस का?"

"दगड काढा आण्णा!"

अंगात मस्ती होती, दुसरं काय.

आण्णांनी दगड काढला. गाडी आली. रेघ ओलांडली. दादानं लिव्हर ओढली, आणि लिव्हर सरळ त्याच्या छातीपर्यंत आली, रिकामी. केबल तुटली नव्हती. केबलच्या टोकाच्या क्लॅम्पचा नट शेवटचा आवळायचा माझ्याकडून राहिला होता. मला दादाचं तोंड दिसत होतं. तो ओरडत होता, पण आवाज ऐकल्याचं आठवत नाही. मागं बांध. हलायचं सुचलं नाही.

मुरूम खरवडल्याचा आवाज आला. गाडी नाकावर बसल्यासारखी झाली आणि थांबली. बंपर आणि माझं पोट यांच्यात माझा तळहात मावत होता. चारी चाकांच्या मागं चार सरळ ओरखडे. चाकं लॉक होऊन फरफटली होती.

मी दार उघडलं. दादा दोन्ही हातांत लिव्हर धरून बसलेला. आणि त्याचा उजवा पाय ब्रेकच्या पेडलवर होता. पेडल तळाला टेकलेलं. मांडी थरथरत नव्हती, काही नाही, दाबून धरल्यासारखा स्थिर पाय.

डावा पाय पाटावर. पट्टा जागेवर. बकल लावलेलं.

आण्णा धापा टाकत आले, बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली. दादा पायाकडे बघत होता. म्हणाला, "गार लागतंय गं."

"काय?"

"पेडल. तळव्याला गार लागतंय."

मी त्याच्या गुडघ्याला हात लावला, आणि त्याच क्षणी पाय ढिला पडून पेडलवरून घसरला. नेहमीसारखा. पुन्हा काही कळेना.

आता तुमच्या मनात आलं असेल तेच माझ्या मनात आलं : स्पाझम. मग पट्ट्यातून एक पाय बाहेर कसा आला? पट्टा तेवढाच आवळलेला ठेवून दुसऱ्या दिवशी मी माझा स्वतःचा पाय त्याखाली घालून ओढून बघितला. घोट्याशी अडकतो. त्या जुन्या ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. चाकं लॉक करायला मला सीटला पाठ रेटून दोन्ही पायांचा जोर लावावा लागला. दादाची पिंढरी तेव्हा माझ्या मनगटाहून थोडीच जाड होती. आणि झटका आलेला पाय बरोबर पेडलवरच? बरोबर त्याच वेळी? त्याच्या तळव्यावर पेडलच्या रबराच्या पाच रेघा उमटल्या होत्या. मी शेजारी स्टीलची पट्टी धरून फोटो काढला. रेघा दोन तास होत्या.

आण्णा संध्याकाळी ओट्यावर बसून एवढंच म्हणाले, "घाटात दाबल्याला ब्रेक हुता त्यो. तवापास्नं सोडलाच न्हवता पोरानं." मला असलं बोलणं आवडत नाही. पण मी त्यांना गप्प बसवलं नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो बघितला, पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. सुई टोचली - नाही. बोटं हलव म्हटलं - नाही. एमआरआय आधीसारखाच. ते स्पाझम म्हणाले. मी पट्ट्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मणक्यात काही बदललेलं नाही, ताई. मी एवढंच सांगू शकतो."

इथं गोष्ट संपली असती तर तुम्ही याला चमत्कार म्हणाला असता. मीही म्हणाले असते कदाचित.

मिरजेहून परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी सळई घेऊन बसले. केबल काढून सळई टाकायची, आठवड्यात ब्रेक तयार. दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

"का?"

"लिव्हरबिव्हर काढून टाक सगळं. पायानं चालवणार मी."

मी हसले. तो हसला नाही.

तेव्हापासून तो रोज सकाळी गाडीत बसायचा. नुसता. उजवा पाय हातानं उचलून पेडलवर ठेवायचा आणि त्याच्याकडे बघत राहायचा. दुपारचं ताट आई तिथंच नेऊन द्यायची. मी वहीत तारीख, वेळ, काय झालं ते लिहायचे. खरं सांगते, मलाही ते पुन्हा व्हायला हवं होतं. पानंच्या पानं "काही नाही". आई म्हणाली, "सिद्धनाथानं एकदा दिला पाय, जाऊन पुन्यांदा मागू." म्हसवडला गेलो. आण्णांनी दादाला पाठीवर घेतलं. देवळात मीसुद्धा हात जोडले. लिहायला लाज वाटते, पण जोडले.

त्याच्या सीटवर खास गादी होती. अशा पेशंटला एका जागी बसून जखम होते आणि ती त्याला कळत नाही, म्हणून हवेची गादी लागते. एप्रिलमध्ये तो म्हणाला, "ही काढ. ह्या गादीमुळं खालचं कायच कळत न्हाई मला." मी शिकलेली बाई. मला गादी कशासाठी असते ते माहीत होतं. दर दोन तासांनी उचलायला हवं हेही माहीत होतं. तरी काढली. त्या वेळी मला ते पटलं होतं... कळलं तर बरंच आहे की, असं वाटलं.

पावसाळ्याच्या तोंडाला आईला त्याच्या पँटवर डाग दिसला. तोवर आत खड्डा झाला होता.

दोन ऑपरेशनं झाली. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. आता सात महिने तो पोटावर झोपून आहे. तोंड एका बाजूला. जेवण तसंच, बोलणं तसंच. भिंतीकडे बघून असायचा त्या काळात निदान कूस तरी बदलायचा. वर्कशॉपचं दार आम्ही उघडत नाही. आण्णा येतात, त्याच्या डोक्याशी बसतात, गावातल्या भांडणांच्या गोष्टी सांगतात आणि जाताना माझ्याशी बोलत नाहीत.

आणि तो पडल्या पडल्या सांगत असतो, जखम भरली की पहिल्यांदा गाडीत बसव, आता जवळ आलंय, मला वाटायला लागलंय. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात मला बाहेर बोलावून सांगितलं. इन्फेक्शन हाडात गेलंय. जगवायचं असेल तर याला पुन्हा बसवायचं नाही. महिना-दोन महिने नाही. कधीच.

मी ठरवलं, त्याच्या डोक्यातनं ते काढायचं. मनात ती आशा ठेवून असं पडून राहण्यापेक्षा आशाच नसलेली बरी. परवा दुपारी ड्रेसिंग करताना सांगून टाकलं.

"दादा, खोटं होतं ते."

"काय?"

"पाय मीच उचलून ठेवला होता पेडलवर. तुला घेरी आली होती, तुला आठवत नाही. मला वाटलं तुला बरं वाटंल. पट्टा नंतर मीच लावला. आण्णांनाही मीच गप्प केलं."

तो उशीच्या खोळीचं टोक बोटात गुंडाळत राहिला. पंखा फिरत होता. मला वाटलं, पटलं. वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही झालं.

मग उशीत तोंड तसंच ठेवून म्हणाला, "तू बांधापाशी हुतीस."

मी जुना कापूस ट्रेमध्ये टाकला.

"मग गाडी कुणी थांबवली?"

मी चिकटपट्टी कापत राहिले. तो मात्र एकदम ताजा झाल्यासारखा वाटला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज पहिल्यासारखा आला.

"बघ, तुलाबी सांगता येत न्हाई. चल, आवर लौकर. जखम भरली की पयल्या दिशी बसव मला."

मी म्हटलं, "बसवते."