म्हाताऱ्या संघाला उभे करणाऱ्या शैलजाताई

शैलजाताई मेश्राम यांच्याशी माझी ओळख झाली ती माझ्या सुजलेल्या घोट्यामुळे. पुण्याहून मेलबर्नला येऊन मला जेमतेम वर्ष झाले होते. क्रेगीबर्नमधल्या मित्रांबरोबर रविवारी क्रिकेट खेळताना पाय मुरगळला आणि सोमवारी लंगडत मी जवळच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेलो. समोरच्या बाई अस्खलित इंग्रजीत चौकशी करत होत्या. त्यांनी घोटा दाबला आणि माझ्या तोंडून निघाले, "आई गं!" त्यावर त्या शांतपणे मराठीत म्हणाल्या, "आईला कशाला बोलावता? खेळायच्या आधी दहा मिनिटं अंग मोकळं केलं असतं, तर तिला त्रास झाला नसता."

मी सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करतो आणि मला नोंदी नीट ठेवायची खोड आहे, हे त्यांनी चार भेटींत काढून घेतले. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारले, "शनिवारी अर्व्होला, म्हणजे दुपारी, काय करता?" काही नाही, असे मी म्हणालो आणि तिथेच सापडलो. ताई नुकत्याच वॅगटेल्स या व्यावसायिक बेसबॉल संघाच्या फिजिओथेरपिस्ट झाल्या होत्या आणि संघाला स्कोअरर हवा होता. बेसबॉलमधले मला काही म्हणजे काही कळत नाही, असे मी सांगून पाहिले.

"मला तरी कुठे कळतं?" ताई म्हणाल्या. "नो वरीज. शिकू."

त्याला आता दहा वर्षे झाली. ताई साठ वर्षांच्या होत आहेत आणि या गौरवग्रंथासाठी मी लिहायला बसलो आहे. ही दहा वर्षे मी त्यांच्याच बाकावर, त्यांच्या शेजारी बसून पाहिली आहेत. असे दशक माझ्या आयुष्यात पुन्हा येणार नाही!

आम्ही दाखल झालो तेव्हा संघ तळाला होता. चांगले तरुण खेळाडू परदेशी संघांकडे निघून गेले होते आणि मागे उरले होते ते तिशी-पस्तिशीचे, कुठे ना कुठे दुखणारे लोक. संघाच्या मानधनात कोणाचे भागत नसे. पिचर ग्लेन, म्हणजे चेंडू टाकणारा, आठवडाभर इलेक्ट्रिशियनचे काम करून शनिवारी मैदानावर यायचा. कर्णधार मार्टी शाळेत शिकवायचा. तो कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे तासन् तास उकिडवा बसून चेंडू झेलणारा. त्याचे गुडघे उठता-बसता वाजायचे आणि ते मला बाकावर ऐकू यायचे. प्रेक्षक या संघाला 'आजोबा' म्हणून हाका मारत. सगळ्यांना निरोप देऊन नवा संघ बांधा, असे क्लबच्या बैठकीत उघड बोलले जाई.

ताईंनी त्या बैठकीत एवढेच म्हटले, "मला एक हिवाळा द्या."

त्या हिवाळ्यात त्यांनी एकेकाला बोलावून तपासले. प्रत्येकाची वेगळी वही केली. ग्लेनचा खांदा का दुखतो हे दवाखान्यात कळेना, तेव्हा ताई हेल्मेट घालून तो काम करत होता त्या इमारतीत गेल्या. हा गृहस्थ दिवसभर शिडीवर उभा राहून, उजवा हात डोक्यावर धरून छतात वायरी ओढत होता! "मग शनिवारी चेंडू काय माझ्या हाताने टाकणार आहेस?" असे त्यांनी तिथेच, सगळ्या कामगारांसमोर विचारले आणि त्याला डाव्या हाताने काम करायला शिकवले. मार्टीचा सराव त्यांनी निम्म्यावर आणला. जुन्या खेळाडूंना जास्त पळवायचे नाही, जास्त झोपवायचे, हा त्यांचा नियम ऐकून प्रशिक्षक आधी हसले. पुढच्या उन्हाळ्यात ते हसले नाहीत, कारण आमचे 'आजोबा' जिंकू लागले होते.

सामना चालू असताना ताईंकडे पाहणे हीच एक गंमत असते. चेंडू कुठे गेला हे त्यांना कधीच माहीत नसते. सगळे मैदान उभे राहून ओरडत असते आणि ताई पुटपुटत असतात, "तिसऱ्या बेसवरचा तो पाय ओढतोय, बघ." त्या मला 'तू' कधी म्हणू लागल्या ते आठवत नाही. खेळाडू मात्र त्यांना पहिल्यापासून 'ताई'च म्हणतात. पहिली दोन वर्षे त्यांना ते ताईंचे नावच वाटत होते.

ताईंच्या मोठेपणाची खरी ओळख मला चौथ्या वर्षी झाली, आणि ती आनंदाच्या प्रसंगाने झाली नाही. आम्ही पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोहोचलो होतो. सामना रविवारी दुपारी होता आणि तो ग्लेनच्या जोरावर जिंकायचा, हे शहरात सगळ्यांना ठाऊक होते. सामन्याच्या तासभर आधी ताईंनी ग्लेनला शर्टाची बटणे लावताना पाहिले. तो ती डाव्या हाताने लावत होता.

"दोन बोटं बधिर झालीत का?" ताईंनी विचारले.

"नाही," ग्लेन म्हणाला.

ताईंनी त्याच्या तळहातावर एक नाणे ठेवले आणि करंगळीने दाबून धरायला सांगितले. नाणे खाली पडले. ताईंनी प्रशिक्षकांना सांगितले, आज ग्लेन खेळणार नाही.

मार्टी धावत आला. एवढा शांत माणूस, पण त्या दिवशी त्याचा चेहरा लाल झाला होता. "ताई, आम्ही म्हातारे झालोय. ही फायनल पुन्हा येणार नाही. एक दिवस! फक्त एक दिवस डोळे मिटा ना."

"आज डोळे मिटले, तर त्याला स्वतःच्या मुलीला उचलून घेता येणार नाही," ताई म्हणाल्या. "माझ्यावर राग काढ. त्याच्यावर काढू नकोस."

आम्ही तो सामना एका धावेने हरलो. परतीच्या बसमध्ये ताईंशी कोणी बोलले नाही. समाजमाध्यमांवर लोकांनी वाटेल ते लिहिले. हिला खेळ काय कळतो, असेही लिहिले. ताई नेहमीच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याच ग्लेनला घेऊन स्कॅनला गेल्या. कोपरातला स्नायुबंध अर्धा फाटला होता. आणखी एक सामना खेळला असता, तर हात कायमचा गेला असता, असे सर्जननी सांगितले.

मार्टी महिनाभर ताईंच्या समोर आला नाही. मग एके सकाळी तो आपल्या आईला घेऊन त्यांच्या दवाखान्यात हजर झाला. म्हातारीची कंबर धरली होती. मार्टी दारातच उभा राहून म्हणाला, "हिला मी दुसऱ्या कोणाकडे नेणार नाही." माफी म्हणून तो एवढेच बोलला. ताईंनी त्याच्या आईचा हात धरून तिला आत नेले आणि जाता जाता मार्टीला म्हणाल्या, "तूही ये. गुडघे दाखव."

ग्लेनचे ऑपरेशन झाले आणि पुढे तो पुन्हा चेंडू टाकू लागला. त्यानंतरची वर्षे कठीण गेली. आम्ही पुन्हा तळाला गेलो, वर आलो, पुन्हा घसरलो. याच काळात माझे वडील पुण्याहून आमच्याकडे आले होते. पक्षाघातामुळे त्यांच्या उजव्या हातात जोर राहिला नव्हता आणि ते कोणासमोर जेवायला बसत नसत. ताई स्वतःहून घरी आल्या. त्यांनी बाबांच्या हातात बेसबॉलचा चेंडू दिला आणि म्हणाल्या, "काका, याच्यावरच्या शिवणीचे टाके बोटांनी मोजायचे. रोज." बाबा कुरकुरले, पण मोजू लागले. ताई कामावरून घरी जाताना आठवड्यातून दोनदा यायच्या, पाच महिने आल्या. परत जायच्या आधी बाबांनी सगळ्यांच्या पंगतीत बसून उजव्या हाताने वरणभात खाल्ला. माझ्या मुलीने टाळ्या वाजवल्या, "आजोबा, यू डिड इट!" बाबा मान खाली घालून जेवत राहिले. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. त्याबद्दल आभार मानायला गेलो, तर ताईंनी मला सामन्याच्या नोंदीतल्या चुका दाखवल्या.

आणि मग हा गेला उन्हाळा! ग्लेन आणि मार्टी दोघेही चाळिशी ओलांडलेले. दोघांनीही हा शेवटचा मोसम म्हणून जाहीर केलेले. कोणाच्या ध्यानीमनी नसताना आम्ही सामन्यामागून सामना जिंकत अंतिम फेरीत गेलो. ताईंनी ग्लेनला त्या दिवशी शेवटच्या डावापुरतेच खेळायची परवानगी दिली होती, तीही मोजून वीस चेंडूंची.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने पुढे. समोरच्या संघाचे दोघे बाद, दोघे बेसवर, म्हणजे धाव पुरी करायच्या टप्प्यांवर, उभे. अजून एक बळी मिळाला की अजिंक्यपद आमचे. माझ्या हातातली पेन्सिल घामाने निसटत होती. ग्लेनने सतरावा चेंडू टाकला आणि तो थांबला. त्याने आपल्या बोटांकडे पाहिले. मग त्याने आमच्या बाकाकडे वळून हात वर केला आणि मान हलवली.

स्टेडियममध्ये हजारो लोक ओरडत होते आणि हा माणूस, आयुष्यातल्या शेवटच्या सामन्यात, विजयापासून एका बळीवर असताना, बोटे बधिर झाली म्हणून स्वतःहून सांगत होता! मार्टी त्याच्याजवळ गेला. मला वाटले, आता वाद होणार. मार्टीने त्याच्या हातातून चेंडू घेतला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला बाकाकडे पाठवले. ताईंनी ग्लेनला शेजारी बसवून त्याचे कोपर बर्फात धरले.

त्याच्या जागी डॅरिल आला. तोही आमच्यातलाच, अडतीस वर्षांचा, डावखुरा. त्याच्या दुसऱ्याच चेंडूला फलंदाजाने बॅट लावली आणि चेंडू सरळ आभाळात गेला, मागच्या कुंपणाच्या दिशेने. मार्टीने तोंडावरची जाळी भिरकावली आणि त्या गुडघ्यांनिशी तो धावत सुटला. पाच पावले, दहा पावले. कुंपणापाशी त्याने अंग झोकून दिले आणि जमिनीवर पडला. मग त्याचा हातमोजा वर आला. मोज्यात चेंडू होता!

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. सगळे खेळाडू मैदानात धावले, पण मार्टीपाशी सगळ्यात आधी कोण पोहोचले असेल? आमच्या एकोणसाठ वर्षांच्या ताई!

"हलू नकोस! कुठे दुखतंय?"

"ताई, वी वन!" मार्टी हसत होता आणि रडत होता.

"ते नंतर. आधी गुडघा वाकव."

त्याने वाकवला. मग दुसराही वाकवला. दोन्ही ठीक आहेत हे पाहिल्यावरच ताईंनी मान वर केली आणि मला विचारले, "निनाद, म्हणजे आपण जिंकलो ना?" तोपर्यंत ग्लेन आणि डॅरिल येऊन पोहोचले होते. त्या आजोबांनी ताईंना खांद्यावर उचलून घेतले आणि ताई वरून सर्वांना ओरडत होत्या, "कंबर सरळ ठेवून उचला रे!"

हे खेळाडू आता निवृत्त झाले आहेत. ताई झालेल्या नाहीत. गेल्या काही महिन्यांपासून त्या दर मंगळवारी सकाळी क्रेगीबर्नमधल्या वयस्कर मंडळींसाठी मैदानावर व्यायामाचा वर्ग घेतात. नऊवारी-पाचवारी नेसून पायात स्पोर्ट्स शूज घातलेल्या आज्या आणि टोप्या घातलेले काका तिथे येतात. ग्लेन त्यांना हलके चेंडू टाकतो, मार्टी त्यांच्या मागे उकिडवा न बसता खुर्चीवर बसून झेलतो, आणि एखाद्या आजींची बॅट चेंडूला लागली की दोघेही बेंबीच्या देठापासून ओरडतात.

ताई, आपल्याला उदंड आयुष्य लाभो आणि आपले हात-पाय, कंबर, खांदे आपण इतरांचे ठेवलेत तसेच खणखणीत राहोत. हा मंगळवारचा वर्ग आपण शंभरीपर्यंत चालवावा. माझे आता सेहेचाळिसावे वर्ष सरले आहे आणि सकाळी उठताना पाठ जरा धरते. वर्गात माझे नाव आत्ताच लिहून ठेवा. मी येतोय.