फाटकावरचा बल्ब

आमच्या घरातला सगळ्यात जबाबदार सदस्य म्हणजे फाटकावरचा बल्ब होता.

दुष्काळाची वर्षं होती. पुंडलिकनगरात घरं भराभर वाढत होती आणि नळाला पाणी आठवड्यातून एका ठरल्या दिवशी, तेही वाटेल त्या वेळी! गल्लीतलं पहिलं घर आमचं, म्हणून पाणी आधी आणि मोटारीशिवाय आमच्याकडं यायचं. ते आलं की मी फाटकावरचा बल्ब लावायचा आणि तो बघून अख्ख्या गल्लीनं मोटारी सुरू करायच्या, असं ठरलेलं होतं. उशीर झाला तर शेवटच्या घरांना नळातून नुसता वारा मिळायचा.

आणि नेमका पाण्याच्या दिवशी बल्ब लागेना!

भर दुपारी नवा बल्ब बसवला, आत जाऊन बटन दाबलं, फाटकाशी येऊन पाहिलं. ढिम्म! "अगं, बटन बंद कर!" मी बायकोला ओरडून सांगितलं. "बंदच आहे!" आतून उत्तर आलं. (किती तत्पर बायको!) दुसरा बल्ब आणला. तेच. होल्डर बदलला, फ्यूजची तार बदलली, दुकानदाराशी भांडून तिसरा बल्ब आणला. दर वेळी मी बटन दाबून फाटकाशी यायचो, बल्ब मख्ख, मी ओरडायचो, आणि आतून "बंदच आहे!"

शेवटी बायकोच बाहेर आली. "अहो, तुम्ही सांगायच्या आधीच ते बंद असतं. कोण करतंय?"

बटनाखालीच आई तूर निवडत बसली होती. "मीच करतेय," ती शांतपणे म्हणाली. "भर दिवसा दिवे जाळायला निजामाचा जावई लागून गेलास व्हय?"

मी दात ओठ खात बटन दाबलं आणि तिथंच बायकोला पहाऱ्याला उभं केलं. बल्ब लख्ख पेटला! मी फाटकात अक्षरशः नाचलो.

तेवढ्यात गल्लीभर मोटारी घरघरल्या. शेवटच्या घरातले जाधवकाका अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून पळत आले.

"पाणी कुठंय?"

"पाणी नाय काका, बल्ब बघत होतो."

"बल्ब बघतोय! कोरडी मोटार जळली असती ना माझी!"

सगळे शिव्या घालत घरी गेले. आणि सांज होता होता खरंच पाणी आलं! मी पाईप हौदात सोडला, बल्ब लावला. गल्लीत कुणी हलेना. "परत बल्ब बघतोय गडी," एका खिडकीतून आवाज आला. झालं! लोकांचं आठवड्याचं पाणी माझ्यामुळं जाणार, या धास्तीनं मी दारोदार पळत सुटलो. शपथा घातल्या, जाधवकाकांच्या तर पाया पडलो. एकेक मोटार सुरू झाली तेव्हा कुठं जिवात जीव आला.

घामाघूम होऊन घरी आलो. आमचा हौद कोरडा. नळ बंद!

"पाईप उसळून भाईर पडला," आई म्हणाली. "पाणी रस्त्यावर चाललं होतं. केला नळ बंद. म्हणलं, तू आल्यावर लावशील."

मी नळ सोडला. गल्लीतल्या यच्चयावत मोटारी जोरात ओढत होत्या. आमच्या नळातून नुसता वारा आला.

मग मी कपाळ बडवत जे बोलत सुटलो ते बादली घेऊन जाधवकाकांकडं निघालो तरी बोलतच होतो. आईनं आतलं बटन दाबून फाटकावरचा बल्ब बंद केला. घरात आता चालू असं माझं तोंडच उरलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"ते बी बंद कर आता."

केलं.