बाजेखालची शेगडी

माझं रक्त निगेटिव्ह, नवऱ्याचं पॉझिटिव्ह. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या खेपेलाच हे सांगितलं, तेव्हा सासू म्हणाली, "पत्रिका पाहिली, हेच पाहायचं राहिलं." जसा काही माझ्या बापाने यांना फसवून माल खपवला होता!

पहिलं बाळंतपण माहेरी, पारोळ्याला. मुलगा झाला, बापाच्याच रक्ताचा. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं: या बाळाला काही होणार नाही, पण तीन दिवसांच्या आत इंजेक्शन घेतलं नाहीस, तर पुढच्याला तुझंच रक्त मारेल. नवरा धुळ्याहून एसटीने इंजेक्शन घेऊन आला, बर्फ भरलेल्या थर्मासात. गार राहिलं पाहिजे, असं आईला दोनदा सांगून तो जेवायला बसला. संध्याकाळी गल्लीतल्या डॉक्टरांनी ते टोचलं. चला, सुटलो एकदाचे, असं वाटलं मला.

पोरगा शाळेत जायला लागला तेव्हा दुसरी खेप. धुळ्यालाच, दवाखान्यात. मुलगी झाली. हळद फासल्यासारखी पिवळी, अंग सुजलेलं. रक्त बदलून पाहिलं, तरी दुसऱ्या दिवशी गेली. सासू खाटेशी उभी राहून सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशी बोलली, "हिचं रक्त पोरं खातं." नवऱ्याने नुसती मान डोलावली. मेला नंदीबैल!

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मागच्या वेळी इंजेक्शन घेतलं नव्हतं का?"

मी म्हटलं, घेतलं होतं. तेवढ्यात पारोळ्याहून आलेली आई पुढे झाली, मोठ्या कौतुकाने. "लिधं ना! पन बाळंतीणले थंड चालस का बाई? मी बाटली काढीसन शेगडीनी राखमा ठेयेल व्हती, चांगली ऊन करी. जावाईले वाईट नको वाटाले म्हनीसन परत बरफमा ठी दिन्ही."

ती शेगडी माझ्या बाजेखाली रात्रंदिवस धगधगत असायची. ओव्या-शेपाची धुरी, कानाला फडकं, प्यायला ऊन पाणी. गार म्हणून काही आई माझ्याजवळ फिरकू द्यायची नाही.

"ते औषध तापलं की वाया जातं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. आईला कळलं नाही. मला विचारायला लागली, "काय म्हनी ऱ्हायनी ती?"

मी सांगितलं. गप्प बसायला हवं होतं, असं लोक म्हणतात. का बसू? माझी पोर गेली होती. "तू मारलंस तिला," म्हटलं. "माझ्या रक्ताने नाही. तू." आई तिथेच फरशीवर बसली. तिला उठवायला मी हात दिला नाही.

पुढे धाकटी बहीण बाळंत झाली, ऐन थंडीत, त्याच घरात, त्याच बाजेवर. आईने शेगडी पेटवलीच नाही, बाहेर ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. बहीण आतून हाका मारत होती, "आई, गारठले गं! पोरगं गार पडलंय, आई!"

आई माझ्याकडे बघायला लागली. "पेटाडू का?"

मी तोंड रस्त्याकडे फिरवलं.