खसखस घातलेली चटणी

सकाळी मुलगा नोकरीसाठी दुबईच्या विमानात बसला आणि थोड्याच वेळात हुपरीहून नणंदेचा फोन आला. ती मागे लेकीकडं तिकडं राहून आलेली. बरोबर काय काय दिलं, असं तिनं विचारलं. मी कौतुकानं सांगू लागले, डंकावर स्वतः उभी राहून कुटून आणलेली कांदा-लसणाची चटणी दिली, चांगला मोठा डबा भरून.

"वैनी, खसखस घातलीया?"

"घातलीया की. खसखशीबिगर चटणी हुतीया व्हय?"

तिनं आवाज एकदम खाली आणला. मग ती म्हणाली, "अवो, तिकडं खसखस म्हंजी अफूच धरत्यात. बंदी हाय. सापडला तर सरळ आत."

आपल्याकडं वाण्याच्या दुकानात हळदीशेजारी मिळते ती खसखस, बाळंतिणीला आपण जिची खीर घालतो ती, आणि तिच्यापायी माझं पोर परक्या देशाच्या तुरुंगात? असले कायदे करणाऱ्यांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि लगेच भ्यायले. त्यांना ऐकू गेलं तर?

ह्यांची सगळी नोकरी कोर्टात गेली. गल्लीत कुणाच्या मुलावर केस झाली की लोक आधी आमच्या दारात येतात, आणि हे प्रत्येकाला एकच सांगतात, "काय हुत न्हाय, जामीन हुतोय." मी तेवढंच ऐकायला त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"तिथलं मला काय म्हाईत न्हाय," असं म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला. तेव्हा मी खरी घाबरले.

दिवसभर फोन लागत नव्हता. संध्याकाळी त्याचाच आला. बॅग कुणी उघडलीच नव्हती. मी रडत रडत सगळं सांगितलं. "ती चटणी आधी संडासात वत. डबा धू."

"आई, निम्मी वाटली की. खोलीतली पोरं जेवाय बसल्यात."

आमच्या घरात कुणाच्या पुढ्यातलं अन्न कधी कुणी काढून घेतलेलं नाही. मी ओरडले, "ताटातली काढून घे त्यांच्या! आत्ताच्या आत्ता!"

"आई, काय बोलतीयास तू?"

मागून हसण्याचा आवाज आला. कुणीतरी मोठ्यांदा म्हणालं, "काकूंना सांग, चटणी लई भारी हाय. अजून पाठवून द्या म्हणावं."

"आधी दार लाव," मी म्हणाले.