मंगळवारची साक्ष

चिकलठाण्याच्या रस्त्यावरचा माझा स्कूटर मेकॅनिक किक मारण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करतो. मी चिडवायचो, "अरे, प्लग बदल की!" तो शांतपणे म्हणायचा, "बदललाय साहेब. आता बाकीचं प्रभू बघंल." आणि स्कूटर सुरू व्हायची, हे तर आणखीच संतापजनक!

दारू सोडून त्याला वर्ष झालं, तेव्हा चर्चमध्ये सगळ्यांसमोर त्यानं साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूनं आपल्याला कसं सावरलं ते सांगायचं, असं ठरलं. "तुम्ही यायलाच पायजे, साहेब." मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, हार घेऊन उभे होते. हा पुढं आला, घसा खाकरला आणि म्हणाला, "वर्ष झालं नाय. मंगळवारी मी लई प्यायलो."

टाळीसाठी उचललेले माझे हात हवेतच राहिले! पाळकसाहेबांना हाराचं काय करावं कळेना. मागून एक म्हातारी कडाडली, "मंग उभा कशाला राह्यला रे मेल्या?"

"कुठं जाऊ, आजी? खोटं बोलून हार घातला, तर उद्या प्रार्थना कोणत्या तोंडानं करू? प्रभूनं मला सोडलं नाय. मीबी त्याला सोडणार नाय."

एवढं बोलून तो बाकावर जाऊन बसला. शेजारचे दुसरीकडंच बघू लागले. तेवढ्यात बायकांच्या बाजूला बसलेली त्याची बायको उठली, भर उपासनेत मधली वाट ओलांडून पुरुषांच्या बाकापाशी आली आणि त्याला म्हणाली, "सरका जरा."