येसूमावशी कुणाला आवडली नाही

येसूमावशी कुणाच्याही दारात आली की आधी काय चुकलंय ते सांगायची. "लाकडं ओली आयेत, चूल धुपून राह्यली," नाहीतर "पोरगं वाळलं वं तुयं." म्हणायची ते खरंच असायचं, आणि लगेच पदर खोचून ती चूल पेटवूनही द्यायची. पण ती गेली की घरात सगळ्यांना मोकळं वाटायचं. मी लग्न होऊन अनसिंगला आले तेव्हा ती आमच्या शेजारी एकटीच राहत होती. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही.

समोर चंद्रभागेचं घर. संध्याकाळी तिच्या ओट्यावर दहा बायका जमायच्या. चंद्रभागा कुणाच्या अडल्या कामाला कधी गेली नाही; नेलेली चाळणीसुद्धा परत आणून द्यायची नाही. पण ती नकला करायची, आणि आपण गेलो की जणू आपलीच वाट पाहत होती असं वाटायचं.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गावात पटकीची साथ आली. चंद्रभागा पहिल्याच दिवशी मालेगावला भावाकडे निघून गेली. आमच्या घरी आधी सासूबाई दगावल्या, मग ह्यांना उलट्या सुरू झाल्या. दाराशी कुणी येईना. येसूमावशी आली. चार दिवस तिनं ह्यांना घोटाघोटानं पेज पाजली, घाण उपसली. मला मात्र सारखी म्हणायची, "रडून काय होते? पानी उकळ." हे वाचले. अशी सात-आठ घरं तिनं सांभाळली.

साथ ओसरली, चंद्रभागा परत आली, आणि आठवड्याभरात तिचा ओटा पुन्हा भरला. मीही गेले. मावशीच्या दारावरून जाताना मान खाली घालायचे. सणाचं पहिलं ताट मी तिलाच नेऊन देत असे, पण दोन घटका तिच्यापाशी बसायला मन घेत नसे. स्वतःवर चिडले, तरी उपयोग झाला नाही.

एकदा ताट द्यायला गेले, तेव्हा तूर निवडता निवडता तिनं विचारलंच.

"तिच्यापाशी तुमी काहून जाता वं? थे तर पळून गेली होती."

मी तिच्या सुपातले खडे वेचू लागले. तीच म्हणाली, "तुले बोल नाई लावून राह्यली. मलेबी थेच आवडते. इथं बसून तिचंच आयकत राह्यते मी."

त्या संध्याकाळी मी हट्टानं तिला ओट्यावर नेलं. बायकांनी सरकून जागा दिली आणि सगळ्या गप्प झाल्या. काहीतरी बोलावं म्हणून मावशीनं एकीला सांगितलं, की तुझ्या लुगड्याचं ठिगळ उलटं लागलंय. पुन्हा ती तिकडे फिरकली नाही.

पुढे काही वर्षांनी ती तापानं अंथरुणाला खिळली. आठ दिवस मी तिच्या उशाशी होते. शेवटी तिनं चंद्रभागेला बोलवायला सांगितलं. चंद्रभागा आली, उंबऱ्यातूनच तिनं पाटलांच्या शिंकण्याची नक्कल केली, दूध उतू जाईल म्हणाली आणि गेली. मावशी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, एखाद्या लहान पोरीसारखी हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. त्या आठ दिवसांत माझ्याकडे पाहून ती एकदाही तशी हसली नव्हती, आणि त्यात तिचा काहीच दोष नव्हता.